घरातल्या कॉम्प्युटरमध्ये फाईल शेअरिंग जमत नाहीये? आधी या चुका टाळा

घरात दोन-तीन कॉम्प्युटर झाले की हा विषय निघतोच. फोटो एका मशीनवर, मुलांचे प्रोजेक्ट दुसऱ्यावर, स्कॅन केलेली कागदपत्रं तिसऱ्यावर, आणि सगळं पेनड्राईव्हने इकडून तिकडे. खरं तर शेअरिंग चालू करणं फार मोठं काम नाही, पण एकदा अडकलं की माणूस वैतागतो आणि दिसेल ते बंद करत सुटतो, फायरवॉल बंद, अँटीव्हायरस बंद, पासवर्ड बंद, आणि त्यातून चुकून चाललंच तर नेमकं कशामुळे चाललं ते कळत नाही, शिवाय मशीन उघडं पडतं ते वेगळंच.

माझं म्हणणं सरळ आहे, शेअरिंग चालावं म्हणून सुरक्षा काढून टाकायची गरज जवळपास कधीच पडत नाही. फक्त क्रमाने बघायला हवं. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर आहेत का, एकमेकांपर्यंत पोचतायत का, लॉगिन होतंय का, आणि फोल्डरला परवानगी आहे का. यातली एक पायरी नक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका. खाली बहुतेक विंडोजचंच सांगतोय कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, मॅकचं शेवटी थोडक्यात आहे.

दोन्ही मशीनवर इंटरनेट चालतंय म्हणजे दोन्ही एकाच नेटवर्कवर आहेत असं धरून चालणं

ही सगळ्यात कॉमन चूक. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर असतो, त्याची रेंज आतल्या खोलीत येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची केबल लावायची जागा) लावतो. नेट मस्त चालतं, पण आता घरात दोन वेगळी नेटवर्क झाली हे लक्षातच येत नाही. ओळखायचं कसं? दोन्ही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) कमांड द्या आणि आयपीव्ही४ चा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या मशीनचा क्रमांक, बघा. एकावर १९२.१६८.१.१२ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.५ असं काही दिसलं, म्हणजे ठिपक्यांमधले पहिले तीन भाग जुळत नसले, तर घरच्या साध्या सेटअपमध्ये ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. यात आणखी एक गंमत होते, आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या पीसीपर्यंत आयपीने पोचू शकतो पण पीसीवरून लॅपटॉप काही केल्या सापडत नाही, आणि मग माणूस दिवसभर पीसीच्या सेटिंगमध्ये खोदत बसतो, जिथे काहीच चुकलेलं नसतं.

उपाय म्हणजे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच नेटवर्क पुढे देतो. बऱ्याच राउटरमध्ये हा पर्याय असतो. नसेल तर त्याचा स्वतःचा लॅन आयपी (घरच्या नेटवर्कवरचा पत्ता) पहिल्या राउटरशी टक्कर होणार नाही असा ठेवा, त्यातलं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. आता पत्ते वाटायचं काम पहिला राउटर एकटाच करेल आणि सगळी मशीन एका नेटवर्कवर येतील.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तेव्हा शेअरिंगचं नंतर बघा, आधी केबल किंवा वायफाय बघा. आणि एखादा लॅपटॉप गेस्ट वायफायवर जोडलेला असेल तर तो बाकीच्यांना दिसणारच नाही, गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं. काही राउटरमध्ये मुख्य वायफायलाही आयसोलेशन नावाची सेटिंग असते, ती चालू असेल तर वायफायवरची मशीन एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर टेस्ट करताना तेवढ्यापुरतं बंद करून बघा.

नेटवर्क पब्लिक ठेवणं

विंडोज नवीन वायफायला जोडलं की बरेचदा ते पब्लिक म्हणूनच सेव्ह होतं, आणि पब्लिक म्हणजे कुणालाही दिसायचं नाही. घरच्या नेटवर्कसाठी सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन आपल्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रायव्हेट करा, दोन्ही मशीनवर. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पब्लिकच्या खाली दोन्ही बंदच राहू द्या, तोच लॅपटॉप उद्या बाहेरच्या कुठल्यातरी वायफायवर जाणार आहे.

हे दोन पर्याय चालू केले की विंडोजचा फायरवॉल लागणारे दरवाजे स्वतःच उघडतो, तेही फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी. म्हणून फायरवॉल पूर्ण बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वेगळा अँटीव्हायरस टाकला असेल आणि त्याचा स्वतःचा फायरवॉल असेल तर मात्र त्यात जाऊन तुमचं नेटवर्क होम किंवा ट्रस्टेड करावं लागतं, नाहीतर विंडोजमध्ये सगळं बरोबर असूनही काही चालत नाही.

नेटवर्कच्या लिस्टमध्ये दिसत नाही म्हणून हात टेकणं

फाईल एक्सप्लोररमध्ये डावीकडे नेटवर्कवर क्लिक केल्यावर जी लिस्ट येते तिच्यावर अजिबात अवलंबून राहू नका. कधी सगळी मशीन दिसतात, कधी एकच, कधी रिकामी, आणि लिस्टमध्ये नाव नसलं तरी शेअरिंग व्यवस्थित चालू असू शकतं. वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश (\\) आणि लगेच समोरच्या मशीनचं नाव टाइप करून एंटर मारा. उघडलं तर प्रश्नच मिटला, त्या फोल्डरवर राइट क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून टाका, लिस्टकडे परत बघायची गरज नाही. नावाने उघडलं नाही तर नावाऐवजी आयपी टाका. आयपीने उघडतंय आणि नावाने नाही म्हणजे प्रॉब्लेम फक्त नाव शोधण्याचा आहे, शेअरिंगचा नाही. ८००७००३५ ने संपणारा एरर म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही, तो आयपी टाकूनही येत असेल तर तुम्ही अजून पोचण्याच्याच पायरीवर अडकलेले आहात, पासवर्डला हात लावून काही होणार नाही.

मशीनचं नाव इंग्रजीत, छोटं ठेवा, १५ अक्षरांच्या आत आणि मध्ये स्पेस नको. विंडोज टाकताना आपोआप मिळालेलं लांबलचक नाव कुणाच्या लक्षात राहत नाही आणि टाइप करताना हमखास चुकतं.

लिस्टमध्येही दिसायलाच हवं असेल तर सर्व्हिसेस (विंडोजमध्ये मागे चालणाऱ्या कामांची यादी) उघडून फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही सर्व्हिस ऑटोमॅटिक करा आणि सुरू करा. आपलं मशीन बाकीच्यांना कळवायचं काम हीच करते. नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली तरी परत बंद होते अशी तक्रार असेल तर तिथेही या सर्व्हिसेसच बघा, फंक्शन डिस्कव्हरी आणि एसएसडीपी डिस्कव्हरी.

जुने व्हिडिओ बघून जुने उपाय करणं

होमग्रुप (विंडोजमधली घरच्या शेअरिंगची जुनी सोय) शोधू नका, ते २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०३ अपडेटमध्ये काढून टाकलंय. आणि एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा असं सांगणारे तर ढिगाने सापडतील. कृपया करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) जगभर पसरलं ते याच जुन्या एसएमबी १ मधल्या त्रुटीतून, आणि मायक्रोसॉफ्टचा पॅच त्याआधी मार्चमध्येच आलेला होता, तरी ज्यांनी अपडेट टाकलं नव्हतं त्यांची मशीन एकापाठोपाठ एक लॉक झाली. त्याच वर्षीपासून विंडोज १० मधून एसएमबी १ टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली आणि ते बरोबरच आहे. सध्याच्या दोन विंडोज मशीनना एकमेकांशी बोलायला त्याची काहीच गरज नसते. एखादी जुनी नेटवर्क हार्ड डिस्क किंवा राउटरला लावलेली पेनड्राईव्ह फक्त एसएमबी १ वरच चालत असेल तर आधी त्या वस्तूचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट येतंय का बघा, नसेल येत तर ती बदलायचा विचार करा, तिच्यासाठी घरातली सगळी मशीन कमजोर करू नका.

लॉगिनच्या चौकटीत पिन टाकणं

मशीन सापडलं, क्लिक केलं, आता युजरनेम पासवर्ड मागतंय आणि काहीही टाका, चूक आहे म्हणतंय. बहुतेक लोक इथेच येऊन थांबतात. यामागची कारणं ठरलेली आहेत. रोज आपण चार आकडी पिन टाकून मशीन उघडतो, तो पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल. दुसरं, काही घरांत अकाउंटला पासवर्डच नसतो, एंटर मारला की मशीन उघडतं. अशा बिनपासवर्डच्या लोकल अकाउंटने नेटवर्कवरून लॉगिन विंडोज मुळातच करू देत नाही. तिसरं, लोक आपल्या समोरच्या मशीनचं युजरनेम टाकतात, पण लागतं ते जिथे फोल्डर आहे त्या मशीनचं.

यावर सगळ्यात साफ उपाय म्हणजे शेअरिंगसाठी एक वेगळा युजर. जिथे फोल्डर आहे त्या मशीनवर सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिथे नवीन अकाउंट जोडताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट नको असं निवडा, घर किंवा फॅमिली असं काहीतरी साधं नाव इंग्रजीत द्या आणि नीट पासवर्ड ठेवा. स्टँडर्ड युजरच ठेवा, अ‍ॅडमिन करू नका. बाकीच्या मशीनवर हेच नाव आणि पासवर्ड एकदा टाकायचं, रिमेंबरवर टिक करायची, विषय संपला. कुणाचा वैयक्तिक पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही, आणि तुम्ही स्वतःचा पासवर्ड बदललात तरी घरातलं शेअरिंग तुटत नाही.

हे न करता लोक पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंगच बंद करून टाकतात. म्हणजे वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो प्रत्येकजण, आलेला पाहुणा, मुलांचे मित्र, त्यांच्या लॅपटॉपमधला व्हायरस, सगळ्यांना ते फोल्डर खुलं. शिवाय हा जुगाड आता नीट चालतही नाही, विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीमध्येही पासवर्डशिवायचा गेस्ट अ‍ॅक्सेस मुळात बंद असतो, त्यामुळे आधी चालणारं अपडेटनंतर अचानक बंद पडलं अशी ओरड होते.

पासवर्ड बदलल्यावर नवीन पासवर्ड विचारतच नाही आणि सरळ नकार देतंय असं झालं तर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या मशीनची जुनी नोंद असते, ती काढून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट यासाठी की एकाच मशीनला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या युजरनी जोडायला विंडोज नाही म्हणतं, जुनं कनेक्शन कुठेतरी जिवंत असलं तर नवीन नावाने लॉगिन होत नाही.

परवानगी एका जागी देऊन दुसरी विसरणं

फोल्डर उघडतंय पण फाईल सेव्ह होत नाही, किंवा अ‍ॅक्सेस डिनाइड येतंय. विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी असते, एक शेअरिंग टॅबमधली आणि एक सिक्युरिटी टॅबमधली, आणि दोन्हींत जी जास्त कडक असेल तीच चालते. प्रॉपर्टीजमध्ये नुसतं शेअर असं बटण आहे त्याने युजर जोडला तर विंडोज दोन्ही ठिकाणचं बघून घेतं. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून केलं तर तिथे सुरुवातीला एव्हरीवनला फक्त रीड असतं, म्हणजे वाचा पण लिहू नका, आणि सिक्युरिटी टॅबमध्ये तर आपला नवीन युजर जोडायचा हे आपल्यालाच करावं लागतं. घरासाठी साधं शेअर बटणच वापरा, आपला शेअरिंगचा युजर जोडा, रीड राइट द्या.

आणि अख्खा सी ड्राइव्ह किंवा आपलं अख्खं युजर फोल्डर कधीच शेअर करू नका. वेगळं एक फोल्डर करा, जे द्यायचंय तेवढंच त्यात ठेवा. एका मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरलं तर जिथे जिथे लिहायची परवानगी आहे तिथे तिथे ते पोचतं, म्हणून जुने फोटो वगैरे जे फक्त बघायचे आहेत ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याला रीडच द्या. राउटरमध्ये जाऊन ४४५ नंबरचा पोर्ट (फाईल शेअरिंग ज्यावरून चालतं तो दरवाजा) बाहेरच्या इंटरनेटला उघडायचा तर विचारही नको.

बाकी किरकोळ पण त्रासदायक

काल चालत होतं आज नाही, असं असेल तर आधी बघा समोरचं मशीन झोपलंय का. स्लीपमध्ये गेलेलं मशीन फाईल देऊ शकत नाही, तेव्हा ज्यावर फोल्डर आहे त्याची स्लीपची वेळ वाढवा.

कॉपी फारच हळू होत असेल तर आकडा बघा. केबलवर असूनही सेकंदाला ११-१२ एमबीवरच अडकत असेल तर कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा खराब केबल आहे, गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या नीट लागलेल्या असाव्या लागतात, एक तार तुटली तरी गाडी १०० वर येते. गिगाबिट नीट चालत असेल तर मोठ्या फाईलला सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतं. वायफायवर असाल तर २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झवर या.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंगमध्ये फाईल शेअरिंग चालू करून लोक थांबतात आणि मग विंडोजवरून पासवर्ड घेत नाही म्हणतात. तिथेच आतमध्ये ऑप्शन्समध्ये विंडोज फाईल शेअरिंगच्या खाली आपल्या युजरवर टिक करावी लागते, ती राहिलेली असते.

आणि घरातल्या सगळ्यांना ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नेटवर्कवरच्या फोल्डरमधून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती सरळ जाते. ज्या मशीनवर फोल्डर आहे त्याच्या बिनमध्येही सापडत नाही. मुलाने लॅपटॉपवरून चुकून फोटोंचं फोल्डर उडवलं तर परत आणायला कंट्रोल झेडवर भरवसा ठेवू नका. म्हणून शेअर फोल्डरची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर नियमित घेत जा, आणि कॉपी झाली की ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा.