गणपतीआधी जुन्या बेसचे स्क्रू आवळताना

नारळी पौर्णिमा झाली की माझा बेस, म्हणजे जाड तारांचा खर्जातला बेस गिटार, पलंगावर आडवा होतो. चतुर्थीला तेव्हा अडीच-तीन आठवडे असतात, मंडळांच्या वाद्यवृंदाच्या तारखा लागलेल्या असतात आणि लाकडाने पावसाची ओल पिऊन घेतलेली असते. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पावसात फुगतं. पन्नास वर्षं असं झालं की स्क्रूभोवतीचे तंतू दबतात आणि स्क्रू ढिला होतो. म्हणून जुन्या वाद्याचा ढिला स्क्रू दिसला की आधी लाकडाकडे बघा. जोर लावून पिळलात तर उरलेसुरले आटेही जातील.

तारा काढायच्या आधी ढिल्या स्क्रूची खडखड कुठून येते ते शोधून ठेवा, कारण तारा उतरल्यावर ती सापडत नाही. ‘ई’ ही सगळ्यात जाड तार, बोटाने न दाबता छेडली की, सुमारे ४१ हर्ट्झवर थरथरते. तिथून एकेक फ्रेट (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) वर चढत प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका. ढिली वस्तू तिच्या ठरावीक सुरालाच बोलते. तो सूर सापडला की तोच वाजवत राहा आणि घरातल्या कुणाला तरी ब्रिज (तारा खाली जिथे अडकतात तो धातूचा भाग), ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), पिकगार्ड (पुढची प्लॅस्टिकची पट्टी), नॉब असं एकेक ठिकाण बोटाने दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबला, ते ठिकाण पेन्सिलीने कागदावर टिपा. माझ्या बेसवर तीन वर्षं मी पिकअपला (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) दोष देत होतो. खरा दोषी निघाला सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या, उंचीचा बारीक स्क्रू. तो आपल्या जागी बसतच नव्हता.

हत्यारं आदल्या दिवशीच जमवा. स्टार स्क्रूड्रायव्हर एक नंबर आणि दोन नंबर, दोन्ही नवे, टोक न झिजलेले. बेस जपानी असेल, माझा १९७८चा आहे, तर जपानी मापाचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर मिळवाच. साधा स्टार त्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. सॅडल आणि नॉबसाठी बारीक अ‍ॅलन की, इंची आणि मिलिमीटर दोन्ही. अमेरिकन जॅक (केबल खुपसायचं भोक) आणि पॉटचे (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) आटे तीन सूताचे, म्हणजे ३/८ इंचाचे असतात, जपानी बहुधा मिलिमीटरचे, म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर कधीही जबरदस्तीने चढवू नका. बोहरी आळीत स्क्रू आणायला जाल तेव्हा जुना स्क्रू कागदात गुंडाळून बरोबर न्या. तोंडी वर्णनावर दुकानदार देईल तो स्क्रू लांबीला बरोबर आणि जाडीला चुकीचा निघतो. काढलेले स्क्रू ठेवायला मिसळणाचा रिकामा डबा उत्तम: एका वाटीत ब्रिज, एका वाटीत पिकगार्ड, एका वाटीत ट्यूनर. त्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता तारा उतरवा. चार तारांचा मिळून ७०-८० किलोचा ताण असतो. तो असताना ब्रिज किंवा नेकचा (दांड्याचा) स्क्रू फिरवायचा नाही.

सुरुवात स्ट्रॅपच्या, म्हणजे खांद्यावरचा पट्टा अडकतो त्या, बटणापासून करा. हे मी कळवळून सांगतो, कारण एका मंडळाच्या कार्यक्रमात माझं वरचं बटण दुसऱ्याच गाण्याला निघून आलं. बेस मी हाताने धरला म्हणून वाचला, नाहीतर हेडस्टॉक (दांड्याचं खुंट्यांचं टोक) थेट फरशीवर आदळला असता. बटण बोटाने हलत असेल तर स्क्रू पूर्ण काढा. भोकात साधी टूथपिक घालून बघा, आत किती जागा आहे ते कळतं. मग दोन-तीन टूथपिकांना लाकडाचा पांढरा गोंद लावून भोकात घट्ट बसवा, बाहेर आलेला भाग ब्लेडने कापा, रात्रभर वाळू द्या. फेविक्विकसारखं काही वापरू नका. एक थेंब सांडला तर जुन्या लॅकरचा पापुद्रा गेलाच. दुसऱ्या दिवशी जुनाच स्क्रू परत लावा. जाड नवा स्क्रू ठोकला तर काम आज भागतं, पण लाकडाला चीर जाण्याची भीती राहते.

लाकडात जाणारा कोणताही स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. एका जागी तो हलकेच ‘टक’ करून खाली बसतो. ते जुन्या आट्यांचं तोंड. तिथून सुलटा फिरवलात की तो आपल्याच वाटेने जातो, नवी वाट पाडत नाही. टोकाला मेणबत्तीचं मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो आणि आपल्या पावसात स्क्रू गंजतो.

ब्रिजखाली एक बारीक अर्थची वायर दबलेली असते, ब्रिज उचलला तर ती जागेवर आहे ना ते बघूनच बसवा. नेकच्या प्लेटचे स्क्रू थोडे थोडे करून, समोरासमोरचे आवळा. एखादा फिरतच राहिला तर थांबा: दांड्याच्या मेपल लाकडातलं ते भोक बुजवून नव्याने पाडणं हे कारागिराचं काम आहे. ट्यूनरचे छोटे स्क्रू बोटांच्याच ताकदीने, मनगटाने नाही.

जॅकचा नट बाहेरून नुसता फिरवलात तर आत जॅकही फिरतो आणि वायर तुटते. जॅकची प्लेट उघडा, आतून जॅक धरा, मग नट आवळा. आतला दातेरी वॉशर हरवला असेल तर तापकीर गल्लीत तसा मिळतो. पॉटलाही हेच. सॅडलच्या स्क्रूंना मात्र मी नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावतो, ते थरथरीने सरकत नाहीत आणि पुढच्या वर्षी सहज सुटतात.

तारा चढवा, सुरात लावा, रात्रभर तशाच ठेवा. सकाळी सगळे नट-स्क्रू पुन्हा बोटाने चाचपा आणि ‘ई’पासून तोच प्रवास परत करा, या वेळी स्ट्रॅप खांद्यावर घेऊन, उभं राहून. बदललेला जुना स्क्रू एखादा असेलच. तो पुडीत बांधून, कुठला ते वर लिहून, केसच्या खिशात टाका.