वाचनालयाची संस्था नोंदवताना: बदल अर्ज विसरू नका

गावातल्या वाचनालयाची संस्था नोंदवायची तर महाराष्ट्रात दोन कायदे लागतात, 1860 चा संस्था नोंदणीचा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा. कचेरी एकच, धर्मादाय आयुक्तांची. किमान सात सभासद हवेत. आधार, पॅन, फोटो हे सांगायला नको. जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र. घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, मात्र दुसऱ्या संस्थेची उतरवून काढू नका. गणपूर्ती (सभेला किमान हजेरी) किती, सभेची नोटीस किती दिवस आधी, कार्यकारिणीची मुदत किती, हे तुम्हाला पाळता येईल तेवढंच लिहा. पुढे सगळं त्यावरच तपासतात.

आता खरं काम. निवडणूक झाली, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, पत्ता बदलला, की 90 दिवसांच्या आत 1950 च्या कायद्याच्या कलम 22 खाली धर्मादाय कचेरीत बदल अर्ज द्यायचा. आम्ही दिला नाही. प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला, नव्या मंडळींना हार घातले आणि झालं असं समजलो. तीन कार्यकारिण्या अशाच गेल्या. बँकेत सह्या बदलायला गेलो तेव्हा परिशिष्ट एकची नक्कल मागितली, म्हणजे कार्यकारिणीची विश्वस्त म्हणून नोंद असलेला धर्मादाय कचेरीचा उतारा. त्यावर अजून पहिलेच विश्वस्त, त्यातले दोघे हयात नव्हते. मग तिन्ही बदल क्रमाने दाखल करा, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, आठ वर्षांपूर्वीच्या नोटिसा पोचल्याचा पुरावा शोधत घरोघर फिरा. तोवर खातं अडकलेलं आणि ग्रंथपालांचा पगार थकलेला. त्या बाईंना तोंड दाखवणं मला अवघड झालं होतं.

म्हणून सभा उठायच्या आत हजेरीच्या सह्या घ्या. नोटीस मिळाल्याच्या सह्या, राजीनाम्याची मूळ प्रत, नव्या सदस्याचं संमतीपत्र, सगळं एका फायलीत. मृत्यूचा दाखला मागायला जीभ रेटत नाही, तरी त्याच महिन्यात मागा. अर्ज कोण देणार त्याचं नाव ठरावातच घाला. ‘सेक्रेटरी बघतील’ असं म्हणूच नका, आम्ही तेच म्हणालो होतो. बदल अर्ज, 90 दिवस. कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा.

बाकी थोडक्यात. हिशेब 31 मार्चला बंद, सहा महिन्यांत ऑडिट दाखल. देणगीदारांना 80जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट, हवी तर तुमची आयकर खात्याकडची 12एची नोंदणीही करून ठेवा. दोन्हींना मुदत असते. गावच्या मुलाचा पासपोर्ट अमेरिकेचा झाला असेल तर त्याची देणगी परदेशी धरतात, एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची केंद्राची नोंदणी) नसेल तर घेऊ नका. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी. विकत घेतलीत तर पुन्हा बदल अर्ज, 90 दिवसांत.