मारखा व्हॅलीत नदी सकाळीच ओलांडा

लडाखच्या मारखा व्हॅली ट्रेकमध्ये नदी, ओढे ओलांडायला प्रत्येक ठिकाणी पूल मिळेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाने वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते. सकाळी पोटरीपर्यंत असलेला प्रवाह संध्याकाळी मांडीपर्यंत चढू शकतो, शिवाय गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. म्हणून गाईडने लवकर निघायला सांगितलं तर निघाच. आदल्या रात्री त्यांना विचारून ठेवा, "दादा, उद्या पाण्यात किती वेळा उतरायचंय?"

अनवाणी उतरू नका. पाणी इतकं गार असतं की बोटं बधिर होतात आणि दगडाने कापलं तरी कळत नाही. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात, साध्या चपला वाहून जातात. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे तोल गेला तर सॅक पटकन टाकता येते. तोंड पाणी येतं त्या बाजूला ठेवा, काठी समोर रोवा आणि एका वेळी एकच पाऊल सरकवा. पलीकडे पोचलात की पाय पुसून लगेच कोरडे मोजे घाला.

हे सगळं लेहमध्ये विरळ हवेची सवय करून घेतल्यानंतरचं. कळसूबाई १,६४६ मीटर, लेह साधारण ३,५०० आणि या वाटेवरची कोंगमारू खिंड ५,००० च्याही वर. विमानाने गेलात तर निदान दोन-तीन दिवस लेहमध्येच थांबा. ही सुट्टी वाचवू नका.