उभ्या गाडीची बॅटरी सोलापूरच्या हवेत कशी टिकवावी

जुळे सोलापूर, विजापूर रोड किंवा होटगी रोड परिसरातील अनेक बंगल्यांच्या आवारात कापडी आच्छादनाखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. मुले पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरीला असतात आणि आईवडील दिवाळीनंतर दोन-तीन महिने किंवा सबंध उन्हाळा त्यांच्याकडे काढतात, त्या काळात गाडीकडे पाहणारे घरी कोणी नसते. परत आल्यावर रिमोट दाबला तर दरवाजा उघडत नाही आणि किल्ली फिरवली तर ‘टक्’ असा एकच आवाज येऊन सारे शांत होते. माझ्या गाडीची अवस्था अशीच झाली होती. अडीच महिन्यांनी आम्ही परतलो तेव्हा मीटरवर बॅटरीचे व्होल्टेज ९.८ दिसत होते. बॅटरी जेमतेम चौदा महिन्यांची होती. चार्ज केल्यावर ती चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी पुन्हा उतरली. दोष बॅटरीचा नव्हता. मी तिला तशीच सोडून गेलो होतो, आणि पुढे लिहिलेले सारे मी त्यानंतर शिकलो व पाळत आलो आहे.

गाडी दीर्घकाळ उभी ठेवण्याविषयी जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुधा बर्फाळ देशांतील हिवाळा डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. तिथे उतरलेल्या बॅटरीतील ॲसिड पातळ होऊन उणे सात-आठ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि तिचे कवच फुटते. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मात्र उणे पन्नासच्याही खाली तग धरते. सोलापुरात जानेवारीतील गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही पहाटेचा गारवा अंगावर शाल घेण्याइतकाच असतो, त्यामुळे गोठण्याची चिंता आपल्याला नाही. आपला शत्रू उष्णता हा आहे. बॅटरी कशालाही जोडलेली नसली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत असते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीस अंशांना जी चांगली बॅटरी महिन्याला तीन ते पाच टक्के उतरते, तीच एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने उतरू शकते. म्हणून हिवाळ्यातील तीन महिन्यांसाठी जी काळजी पुरते ती उन्हाळ्यातील तीन महिन्यांना पुरत नाही.

मात्र यापेक्षा मोठी गळती गाडीच्या वायरिंगमधून होते. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरीचा अलार्म आणि इंजिनचा संगणक अल्प प्रमाणात वीज घेत राहतात. हा प्रवाह तीस मिलिअँपिअर धरला, आणि निरोगी गाडीत तो साधारण वीस ते पन्नासच्या दरम्यान असतो, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास (बॅटरीतील साठा मोजण्याचे एकक) आणि महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास खर्च होतात. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांना ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे महिन्याभरात तिचा साठ टक्क्यांहून अधिक साठा न वापरताच संपतो. त्यात नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम असेल तर ही मुदत आणखी घटते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची स्मार्ट किल्ली गाडीजवळच्या खोलीत टांगून ठेवली, तर काही गाड्यांची यंत्रणा तिच्या संकेताने वारंवार जागी होते. ती किल्ली गाडीपासून लांब ठेवावी.

उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज करता येते, मग ती आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली तर बिघडते कुठे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा बारीक थर बसतो आणि चार्जिंग करताना तो पुन्हा विरघळतो. पण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत बॅटरी बराच काळ राहिली की या थराचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते चार्जिंगला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणूनच बॅटरी उतरू न देणे हे उतरल्यावर चार्ज करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

आधी मोजावे, मग ठरवावे

या कामासाठी काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घरात असणे मला अत्यावश्यक वाटते. तो डीसी २० व्होल्टवर लावून लाल तार बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला टेकवावी. मोजणी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी करावी, कारण नुकत्याच चालवलेल्या गाडीची बॅटरी काही तास फसवे, वाढीव व्होल्टेज दाखवते. १२.६ ते १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मी १२.४ ही लक्ष्मणरेषा मानतो. आकडा त्याच्या खाली गेला की दुसरे काम बाजूला ठेवून बॅटरी चार्जिंगला लावावी.

गाडी उभी करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, ही पहिली पायरी अनेक जण वगळतात. शहरातल्या शहरात भाजी आणणे, नातवंडाला शाळेत सोडणे अशा छोट्या फेऱ्यांवर चालणारी बॅटरी बहुधा कधीच पूर्ण भरलेली नसते. निघण्याच्या आदल्या दिवशी तुळजापूरला किंवा अक्कलकोटला जाऊन यावे, म्हणजे दर्शनही होते आणि जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या सलग प्रवासात बॅटरीलाही बराच भरणा मिळतो. तरीही चार्जरवर रात्रभर ठेवण्याची सर त्याला येत नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळीही त्याच वेळी पाहावी. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे आणि वरच्या खुणेपर्यंतचा भरणा चार्जिंग झाल्यावर करावा, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर सांडते. बोअरचे, नळाचे, बाटलीतले किंवा घरच्या आरओचे पाणी कदापि घालू नये. त्यातील क्षार प्लेटांना खातात, आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी किती जड असते हे बादलीच्या कडेवर जमणारा पांढरा थर रोज सांगतोच. हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, हाताशी असल्यास बॅटरीचे सहाही सेल (कप्पे) तपासावेत. एखाद्या सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.०५ ने कमी आला तर तो सेल खराब आहे आणि अशा बॅटरीवर पुढील मेहनत वाया जाईल.

बॅटरी सोडवणे

घरात चार्जर नसेल आणि मधल्या काळात कोणी येणार नसेल, तर बॅटरीची तार काढून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. ऋण टोकाची, म्हणजे काळी तार आधी काढावी आणि परत जोडताना ती शेवटी जोडावी. हा क्रम उलटा केला आणि धन टोक सैल करताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला, तर बॅटरीची सारी शक्ती त्या पान्यातून वाहते, ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. हातातील अंगठी व घड्याळ आधीच काढून ठेवावे. काढलेल्या तारेचे टोक कापडात गुंडाळून बाजूला बांधावे, म्हणजे ते सरकून पुन्हा टेकणार नाही. वारंवार बाहेरगावी जाणाऱ्यांनी ट्रक आणि ट्रॅक्टरवाले वापरतात तसा कट-ऑफ स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

तार काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. वीज तुटल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून दरवाजा साध्या किल्लीने उघडतो याची खात्री करावी. अनेक वर्षे न वापरलेले कुलूप अडकलेले असू शकते. आणि म्युझिक सिस्टीमला कोड असेल तर तो लिहून ठेवावा.

अशी सोडवलेली, पूर्ण भरलेली आणि निरोगी बॅटरी सोलापूरच्या हिवाळ्यात दोन-तीन महिने सहज टिकते. उन्हाळ्यात मात्र महिना-दीड महिन्याने ती एकदा मोजावी. शक्य असल्यास बॅटरी गाडीतून काढून घरातील थंड, हवेशीर कोपऱ्यात ठेवावी. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते असे जुने लोक सांगतात. ते लाकडी किंवा रबरी कवचाच्या बॅटऱ्यांच्या काळात काही अंशी खरे होते, आजच्या प्लॅस्टिकच्या कवचाला ते लागू नाही. तरीही खाली लाकडी फळी ठेवावी असे मी सांगेन, ते आपल्या फरशीसाठी. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिडचा थेंब पडला की ती फसफसते व तिथे कायमचा डाग राहतो.

चार्जर लावून ठेवायचा असेल तर

घरी कोणी असेल तर बॅटरी पूर्ण भरल्यावर आपोआप प्रवाह कमी करणारा स्मार्ट चार्जर हा उत्तम मार्ग आहे. साधा, जुन्या पद्धतीचा चार्जर आठवडाभर लावून ठेवणे घातक आहे, कारण भरलेल्या बॅटरीत प्रवाह ढकलत राहिल्यास पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन आटते आणि प्लेटा झिजतात. बॅटरी नुसती भरलेली राखण्यासाठी पंचवीस अंशांना साधारण १३.५ व्होल्ट पुरतात, आणि तापमान एका अंशाने वाढले की ही पातळी सुमारे ०.०२ व्होल्टने खाली यावी लागते. चाळीस अंशांच्या दुपारी १३.२ च आदर्श ठरतात. म्हणून तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर मिळत असेल तर आपल्या गावासाठी थोडे अधिक पैसे देऊन तोच घ्यावा. तो नसेल तर चार्जर कायम जोडून न ठेवता महिन्यातून एक रात्र लावावा.

उतरलेली बॅटरी भरताना प्रवाह तिच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवावा, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. निम्मी उतरलेली बॅटरी या गतीने सात-आठ तासांत भरते. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी जोडून चार्ज करण्याचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि तो करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-तासांच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशोबाने दहा अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ शकतो, आणि तो गाडीच्या लहान बॅटरीला तापवून टाकतो.

चिमटे आधी जोडावेत आणि चार्जरचा स्विच नंतर सुरू करावा. काढताना स्विच आधी बंद करावा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. त्यामुळे बंद खोलीत, देवघराजवळ किंवा गॅसच्या शेगडीपाशी हे काम करू नये आणि जवळ बिडी-सिगारेट ओढू नये. डोळ्यांवर चष्मा असावा. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे, आणि डोळ्यात गेले असल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये ऋण टोकावर एक सेन्सर असतो. अशा गाडीत चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या टोकाऐवजी गाडीच्या धातूच्या भागाला लावावा, म्हणजे भरलेली वीज गाडीच्या संगणकाच्या हिशोबात येते. वीज जाऊन परत आल्यावर चार्जर पुन्हा आपोआप सुरू होतो की नाही, हे एकदा घरी असतानाच मुद्दाम स्विच बंद-चालू करून पाहावे.

शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटे गाडी चालू करत जा’ असे सांगण्याची पद्धत सर्रास आहे. तिने बॅटरीचे फारसे भले होत नाही. इंजिन नुसते संथ चालत असताना त्यावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाही, आणि अर्धवट उतरलेली बॅटरी दहा मिनिटांत फार थोडी वीज स्वीकारते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवले तर विषारी कार्बन मोनॉक्साईड साठून जिवावर बेतू शकते. शेजारी विश्वासू असेल तर दर पंधरवड्याला त्याने गाडी मोहोळच्या दिशेने हमरस्त्यावर किमान चाळीस मिनिटे चालवून आणावी, एसी बंद ठेवून. हे जमणार नसेल तर तार काढून ठेवलेलीच बरी.

परत आल्यावर

टोकांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने ती घासावी, सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, टोके कोरडी पुसावीत आणि तारा घट्ट बसवल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. व्होल्टेज १२.४ च्या वर असेल तर निर्धास्तपणे सेल्फ मारावा. ते कमी असेल तर आधी चार्जिंग करावे.

बॅटरी पूर्ण उतरलीच असेल तर गाडी ढकलून सुरू करण्याचा मोह टाळावा. आजच्या इंजिनाला फ्युएल पंप आणि संगणक चालवण्यासाठी काही वीज लागतेच, आणि न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधील धूर स्वच्छ करणाऱ्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बिघडू शकतो. दुसऱ्या गाडीवरून तारा जोडायच्या तर लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. त्याच रात्री ती चार्जरवर किंवा जवळच्या बॅटरीच्या दुकानात संथ चार्जिंगला द्यावी.

तार पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावे आणि काचा एकदा पूर्ण खाली, मग पूर्ण वर करून बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे, म्हणजे बऱ्याच गाड्यांमध्ये एका स्पर्शाने काच वर जाण्याची सोय परत येते. पहिले काही किलोमीटर इंजिनचा संथ वेग थोडा वरखाली होतो. इंजिनचा संगणक ते पुन्हा जुळवून घेतो.