रंगीत अंडी देणाऱ्या शांत कोंबड्यांची पैदास
मुंबईत गोराई, मनोरी, मढ अशा गावांमध्ये ज्यांच्या घरामागे अजून अंगण शिल्लक आहे, त्यांनी निळ्या-हिरव्या अंड्यांची पैदास जरूर करून पाहावी. मात्र या अंगणाला लागूनच शेजाऱ्यांचा ओटा असतो आणि तिथे लहान मुले खेळत असतात, म्हणून रंगाच्या आधी स्वभाव पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

कवचाचे रंग मुख्यतः दोन रंगद्रव्यांपासून तयार होतात. बिलिव्हर्डिनचा निळा रंग कवचाच्या पूर्ण जाडीत मुरतो, तर प्रोटोपॉर्फिरिनचा तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत बव्हंशी वरच्या थरावर चढतो. त्यामुळे हिरवे अंडे फोडल्यास कवच आतून निळसर दिसते. हिरवा रंग म्हणजे निळ्यावर चढलेला तपकिरी होय. कडकनाथची अंडी काळी असतात हा समज मात्र चुकीचा आहे. त्या जातीचा काळेपणा कातडी, मांस आणि हाडांच्या आवरणात असतो. अंडी फिकट तपकिरीच असतात.

निळ्या रंगाचे जनुक प्रभावी आहे. चिलीतील कोंबड्यांपासून पुढे आलेल्या अरॉकाना आणि ब्रिटनमधील क्रीम लेगबार या जातींत ते आढळते. ते आई-बापांपैकी एकाकडूनच आले तरी तलंग (नुकती अंड्यावर येणारी कोंबडी) निळ्या छटेची अंडी देते. परंतु अशा एकेरी जनुकाच्या नर-मादीच्या पिलांत सरासरी चारांतील एक पिलू त्या जनुकावाचून जन्मते. तपकिरी रंग अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने गडद हिरवी अंडी हवी असल्यास दर पिढीत गडद अंड्यांचीच निवड करावी लागते.

खरी अडचण कोंबड्याची असते, कारण तो अंडी देत नाही आणि तरीही प्रत्येक पिलाचा निम्मा वारसा त्याचाच असतो. त्याची परीक्षा घेण्यासाठी त्याला पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांसोबत ठेवावे आणि त्याच्या किमान सहा मुलींची अंडी पाहावीत. एकीनेही पांढरे अंडे दिले, तर तो दुहेरी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेल्या जनुकाचा नाही हे सिद्ध होते. एकेरी जनुकाच्या कोंबड्याच्या सहाही मुलींनी निळी अंडी देण्याचा योग ६४ वेळांत एकदाच येतो. तलंगा अंड्यावर येण्यास पाच-सहा महिने लागतात, तेव्हा घाई करू नये.

तोवर त्याचा स्वभावही उघड होतो. दाणा सापडल्यावर कोंबड्यांना बोलावणारा आणि माणूस जवळ आल्यास शांतपणे बाजूला होणारा कोंबडा ठेवावा. पायांवर झेप घेणारा कितीही देखणा असला तरी पैदाशीतून काढावा. वयात येण्याआधी निर्णय घेऊ नये, कारण पुष्कळ पिल्ले लहानपणी मवाळ असतात आणि नंतर बिथरतात. हाताळणीने पिलू माणसाळते, पण ते माणसाळणे पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून सगळ्या पिलांना सारखे हाताळून मगच तुलना करावी. असील या झुंजीच्या जातीचा कोंबडा माणसांशी सहसा शांत वागतो, मात्र त्याचे नर एकमेकांशी जिवावर उठून झुंजतात, त्यामुळे या कळपात तो मिसळू नये.

कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे थांबूनच पैदाशीची अंडी धरावीत, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या शरीरात तितके दिवस टिकते. साधारण २१ अंश सेल्सियसच्या वर गर्भाची वाढ सुरू होऊ शकते, त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करून थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात मांडावीत. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश तापमान ठेवून १८व्या दिवसानंतर अंडी फिरवणे थांबवावे; २१व्या दिवशी पिल्ले निघतात. पावसाळ्यात ओल्या लादीवर रक्ती हगवण झपाट्याने पसरते, म्हणून पहिली रवण (उबवायला मांडलेली अंडी) दिवाळीनंतरच घालावी आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यात द्यावी. पिल्लू आईपासून वेगळे करण्याआधीच त्याच्या पायात रंगीत कडी घालून तिचा रंग आणि आई-बापांची नावे वहीत लिहावीत.