गॅरेजला जाण्याआधी काट्यावर जा

वजनकाट्याच्या पावतीवर पुढच्या एक्सलसमोर १२,८७० पौंड दिसले तेव्हा नवऱ्याने पावती उलटी करून पाहिली, जणू खरा आकडा मागे छापलाय. आमच्या गाडीच्या पुढच्या एक्सलची क्षमता १२,००० पौंड, म्हणजे साधारण ५,४४० किलो. मागचा एक्सल मात्र निवांत होता. त्याच रात्री त्याने मोठ्या एक्सलच्या किमती शोधायला घेतल्या आणि मी वही काढली. पुढचं सगळं त्या वहीतलं.

आमची गाडी अमेरिकेत ज्याला स्ट्रेट ट्रक म्हणतात ती. ट्रेलर नाही, एकाच चेसिसवर केबिन, केबिनमागे स्लीपर आणि त्यामागे २४ फुटी बॉक्स. ओहायो-मिशिगन पट्ट्यात तातडीचा माल नेणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या अशाच गाड्या चालवतात. स्लीपर म्हणजे झोपायची फळी समजू नका. बिछाना, फ्रिज, मायक्रोवेव्ह, सिंक, असा छोटा संसार असतो तो, आणि त्याचं बहुतेक वजन पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसतं. त्यामुळे हे दुखणं या गाड्यांना जन्मजात आहे.

गॅरेजवाल्याला फोन करण्याआधी तीन पावत्या हातात हव्यात. एक, गाडी रिकामी, दोघंही आत आणि डिझेल पाव टाकी असताना. दुसरी, तशीच पण टाक्या काठोकाठ. तिसरी, माल भरल्यावर. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्याला वेगवेगळे प्लॅटफॉर्म असतात. पुढची चाकं एकावर आणि मागची दुसऱ्यावर पूर्ण उभी राहतील अशी गाडी लावा, जोडावर चाक आलं तर आकड्याला अर्थ उरत नाही. त्याच काट्यावर चोवीस तासांत पुन्हा वजन केलं तर कमी पैसे पडतात, म्हणून माल सरकवायचा असेल तर तिथेच सरकवून लगेच परत चढा. आमचे आकडे असे निघाले: पाव टाकीला १०,५७०, भरल्या टाक्यांना ११,२००, मालासकट १२,८७०.

पहिल्या दोन आकड्यांतला फरक बघा. डिझेल गॅलनला सुमारे ७ पौंड. आमच्या दोन्ही टाक्या मिळून १५० गॅलनच्या, पुढच्या चाकांच्या जरा मागे लटकलेल्या. पाव टाकीपासून फुल करताना ७९० पौंड चढतात आणि त्यातले ६३० पुढच्या एक्सलवर जातात. म्हणजे पंपावर सवयीने ‘फुल’ म्हणताना आपण पुढच्या चाकांवर चार माणसं बसवतो! जड माल घ्यायचा असेल त्या दिवशी अर्धी टाकी पुरे. पंप काही पळून जात नाहीत.

आता मोजपट्टी घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, इंचांत लिहा. आमचा ३००. मग गाडीतली प्रत्येक जड वस्तू मागच्या एक्सलच्या किती इंच पुढे किंवा मागे आहे ते लिहा. वस्तूचं वजन गुणिले ते अंतर, भागिले व्हीलबेस, की पुढच्या एक्सलचा वाटा मिळाला. हा सी-सॉच आहे, मागचा एक्सल त्याची मधली खुंटी.

हे गणित मला पटलं ते साखळ्यांवरून. बर्फासाठीच्या साखळ्या, १२० पौंडांच्या, स्लीपरखालच्या पेटीत होत्या, मागच्या एक्सलच्या २१० इंच पुढे. त्या घरी ठेवल्या असत्या तर पुढचे ८४ पौंड कमी झाले असते. त्या बॉक्सच्या शेपटाकडे, मागच्या एक्सलच्याही ६० इंच मागे नेऊन बांधल्या, तर १०८ कमी झाले. टाकून देण्यापेक्षा मागे नेलेलं जास्त फळतं, कारण शेपटाकडचं वजन नाक उचलतं. मागे लिफ्टगेट, म्हणजे माल वर-खाली करणारी फळी, असलेल्या गाडीचा पुढचा एक्सल हलका निघतो तो यामुळेच.

मालाचंही तेच. त्या दिवशी सहा पॅलेट होते, ४,००० पौंड, आणि फोर्कलिफ्टवाल्याने ते सवयीने बॉक्सच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. सहा फूट मागे घेतले आणि ९६० पौंड उतरले. पुढचा आकडा ११,९१०. मात्र पुढे मोकळी जागा सोडली की माल ब्रेकबरोबर पुढे धावायला मोकळा होतो. नियमाप्रमाणे पुढच्या दिशेला ०.८ जी, म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट, इतका धक्का बांधणीने सोसला पाहिजे. दोन भिंतींमध्ये आडव्या अडकवायच्या नुसत्या लोड बारवर भरवसा ठेवू नका. स्ट्रॅप हवेत, आणि फळ्यांच्या जमिनीवर ठोकायला लाकडी ठोकळे आणि खिळे गाडीत कायम हवेत.

बॉक्स पूर्ण भरलेला असेल तर हा उपाय संपतो. सारखा पसरलेला १०,००० पौंड माल आमच्या गाडीत पुढे सुमारे १,३७० टाकतो, म्हणजे फुल टाकीला १२,५७० आणि अर्ध्या टाकीला १२,१५०. उरलेल्या दीडशेसाठी स्लीपर उपसावा लागला. बाथरूमचा वजनकाटा पार्किंगमध्ये आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवली. २० पौंडी तांदळाच्या दोन पिशव्या, एक उघडलेलीसुद्धा नाही. पाण्याचे कॅन, गॅलनला आठ पौंडांहून थोडं जास्त. ऑइलचे डबे. कुकर तीन आकारांचे. नवऱ्याची पाना-पेटी, जी त्याने स्वतः उचलून काट्यावर ठेवली आणि आकडा न वाचताच उतरवली. एकूण ३१० पौंड निघालं, पुढच्या एक्सलवरचे २१७ कमी झाले. लोखंडी तवा राहिला. त्यावर चर्चा नाही.

एवढं करूनही आकडा बसत नसेल तरच गॅरेजची तयारी करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, त्यावर पूर्ण गाडीची आणि प्रत्येक एक्सलची ठरवलेली क्षमता असते. त्याचा फोटो काढा. मग पुढच्या टायरच्या बाजूवरचा मजकूर वाचा. २९५/७५ आर २२.५ मापाचा, लोड रेंज (म्हणजे मजबुतीची श्रेणी) जी असलेला टायर एकटा ६,१७५ पौंड पेलतो, दोन मिळून १२,३५०. त्यापुढे गेलात तर एक्सल मोठा घातला तरी टायर नियमाबाहेर जातो. एचमध्ये हाच टायर ६,६१० ला जातो, दोन मिळून १३,२२०, पण त्यासाठी हवाही तितकी भरावी लागते आणि रिम तेवढ्या वजनाची लागते. रिमवर कोरलेला आकडा टॉर्च मारून वाचा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे), स्टीअरिंग बॉक्सचे, ब्रेकचे आणि हबचे आकडे डीलरकडे चेसिस नंबर देऊन मागा. यातला जो सर्वांत कमी तीच तुमची खरी क्षमता. १४,६०० चा एक्सल घालून टायर जुनेच ठेवले तर काहीच मिळवलं नाही. त्या क्षमतेला प्रत्येक टायरने ७,३०० पेलायला हवेत, म्हणजे टायर ३१५/८० सारखा रुंद आणि रिमही ९ इंची. शिवाय मोठा एक्सल, जाड पाटे, रुंद टायर हे सगळं स्वतःच जड असतं, आणि ते वजनही पुढेच बसतं.

काही सल्ले हमखास मिळतील. पुढे एअरबॅग लाव, हा त्यातला पहिला. एअरबॅगने नाक वर येतं, गाडी छान दिसते, काट्यावरचा आकडा तोच राहतो. मागे टॅग एक्सल जोड, असंही सांगतील. टॅग हा ड्राइव्ह एक्सलच्या, म्हणजे इंजिन ज्याला फिरवतं त्या मागच्या एक्सलच्या, मागे असतो, तो खाली दाबला की शेपूट उचललं जातं आणि पुढचं वजन उलट वाढतं. पुढचं कमी करायचं तर जास्तीचा एक्सल ड्राइव्हच्या पुढे लागतो. बॉक्स काही इंच मागे सरकवणं किंवा मागचा एक्सल पुढे घेणं हे उपाय खरे आहेत, पण मग मागच्या एक्सलचा आकडा पुन्हा मोजावा लागतो. इंटरस्टेटवर एकट्या एक्सलला २०,००० पौंडांची मर्यादा आहे, आणि वळताना शेपूट किती बाहेर फेकलं जाईल तेही बघावं लागतं.

त्या २०,००० चा आधार घेऊन ‘मग पुढे १२,५०० चालतात की’ असं म्हणणारे भेटतात. रस्त्याची मर्यादा वेगळी, गाडीची वेगळी. काही राज्यं तर टायरच्या रुंदीच्या दर इंचाला पौंड मोजतात. एपीयूच्या, म्हणजे गाडी उभी असताना वीज आणि एसी देणाऱ्या छोट्या इंजिनाच्या, ५५० पौंडांच्या वजन-सवलतीचंही असंच. २०१२ च्या कायद्याने ती ४०० वरून ५५० झाली, पण द्यायची की नाही हे राज्य ठरवतं, आणि ती मिळाली म्हणून पाटे मजबूत होत नाहीत. एपीयूचं वजन लिहिलेला कागद मात्र गाडीत ठेवा.

काम द्यायचंच ठरलं तर गॅरेजवाल्याकडून आधी लेखी घ्या: कोणकोणते भाग बदलणार, प्रत्येकाची क्षमता किती, आणि शेवटी पुढच्या एक्सलची क्षमता किती धरायची. दारावरचं लेबल आपोआप बदलत नाही, म्हणून हा कागद विमा कंपनीला आणि ज्यांच्यासाठी माल वाहता त्यांना दाखवावा लागेल. पाटे बदलले की अलाइनमेंट त्याच बिलात करून घ्या, नाहीतर नवे रुंद टायर एका कडेने झिजतील. गाडी सोडायला जाताना टाक्या फुल करून, स्लीपर रोजच्यासारखा भरून जा आणि वाटेत पावती घ्या. परत आणताना तशाच भरल्या गाडीने त्याच काट्यावर दुसरी घ्या. आमच्या सुरुवातीच्या तिन्ही पावत्या दाराच्या कप्प्यात आहेत, एपीयूच्या कागदाला टाचून. मोठा एक्सल आम्ही अजून घातलेला नाही.