मुलाचं वजन वाढतंय? आरोग्य केंद्रात जाऊन आधी उंची मोजून घ्या

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नर्स आहे. मूल बारीक आहे म्हणून आया धावत येतात. जाड मूल मात्र ताप-खोकल्यासाठीच येतं आणि सोबतची आजी कौतुकानं म्हणते, "खात्यापित्या घरचा आहे." माझी विनंती आहे, वजनासाठीच केसपेपर काढा.

येताना शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या नोंदी आणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याचं पथक सरकारी व अनुदानित शाळांत मुलांना तपासतं. गेल्या वर्षीचं उंची-वजन हाताशी असलं की वाढीचा वेग डॉक्टरांना लगेच कळतो.

ओपीडीच्या गर्दीत वजन होतं, उंची राहून जाते. ती मागून घ्या. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. मग वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, हाच बीएमआय. दहा वर्षांचा मुलगा १३८ सेंटिमीटर आणि ४६ किलो असेल तर उत्तर येतं साधारण २४. मोठ्या माणसाच्या हिशेबानं हे फार वाटत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलाला २१.४ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. म्हणून मोबाइलवरचा मोठ्यांचा हिशेब मुलांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठी तक्ते आहेत, मुलगे-मुलींचे वेगळे. त्यावर खूण करून दाखवा, असं डॉक्टरांना सांगा.

उंचीवर माझा एवढा भर का? जास्त खाण्यानं जाड झालेलं मूल बहुतेक वेळा वयाच्या मानानं उंचही असतं. वजन वाढतंय आणि उंची खुंटलीय, असं दिसलं तर थायरॉईड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा विचार करावा लागतो. डॉक्टरांना न दाखवताच लॅबमध्ये थायरॉईडवर पैसे घालणारे पालक पाहिले की जीव तुटतो.

काही गोष्टी आपणहून सांगा. मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाड कातडी आलीय का? आया ती मळ समजून घासतात, मूल रडतं. तो मळ नव्हे, शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकणं, गुडघा किंवा खुबा दुखणं, घरात कुणाला मधुमेह असणं, हेही सांगा. रक्तदाब मुलाच्या दंडाला बसेल अशाच पट्ट्यानं मोजायला हवा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. रक्तदाब, साखर किंवा घोरण्याची शंका आली तर म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळासाठी किंवा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागासाठी चिठ्ठी मागा.

माझ्या सहकाऱ्यांनाही एक सांगते. रांगेत वजनाचा आकडा मोठ्यानं ओरडू नका. मागचं पोर हसतं आणि हे मूल पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही.

उपाय म्हणाल तर वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन उतरवावं लागत नाही. आहे तिथे थांबवलं तरी उंची त्याला गाठते. शीत-कढी (भात-कालवण), मासळी बंद करू नका. बंद करायचं ते थंड पेय (३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते), पुड्यांतला खाऊ आणि रोजचा संध्याकाळचा भजी-पाव. रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. ताट सगळ्या घराचं बदला, एकट्या मुलाचं वेगळं वाढू नका.

शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि आवारापासून ५० मीटरांत अती साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांत मनाई आहे. तसं दिसलं तर पालक-शिक्षक संघातर्फे अन्न आणि औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या.

निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. आणि त्या दिवशी घरात स्वयंपाक करणाऱ्या आणि खाऊ आणणाऱ्या माणसांनाही सोबत आणा.